डावीकडची सीट

पाय खाली गेला तेव्हा मावशीला आधी वाटलं, ब्रेक लागला.

वाटणारच. पुढं चाललेला सायकलवाला हात न दाखवता, मागं न बघता, घरच्या अंगणात वळावं तसा वळला, आणि मावशीचा उजवा पाय तिला न विचारता उठला नि दाणकन खाली आला. अर्धं आयुष्य हा पाय असाच खाली येत होता. गाडी शिकवणाऱ्या बाईचं काम ते काय? डावीकडं बसायचं, तोंडानं 'शाब्बास' म्हणायचं आणि पायानं ब्रेक मारायचा. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशी तिचा स्वतःचा ब्रेक असायचा, स्वतःचा क्लच असायचा. शिकणाऱ्याला वाटायचं गाडी आपणच थांबवली, आणि मावशी त्याला तसं वाटू द्यायची. पण ही गाडी शिकवायची नव्हती. ही गुरांच्या डॉक्टरांची जुनी जीप होती, चारी चाकांत जोर असलेली, डोंगर चढून चढून म्हातारी झालेली. मावशी ती विकत घ्यायची की नाही ते ठरवायला चक्कर मारत होती. चालवत होते डॉक्टर. डाव्या बाजूला ब्रेक नव्हता. तिथं एक रबरी मॅट होती, आणि मॅटखाली पत्रा आहे असा सगळ्यांचा समज होता. समजच तो. पत्रा कधीचाच गंजून वाळक्या पानासारखा झालेला. मॅट चिरली, खाली काहीतरी करकचलं, आणि मावशीचा पाय घोट्याच्या वरपर्यंत जीपच्या पोटातून आरपार गेला. नडगीला वारं लागलं. तिनं वाकून बघितलं तर खाली आपला बूट, आणि बुटाखाली पळता रस्ता.

"डॉक्टर, थांबवा जरा. माझा पाय बाहेर आहे."

"बाहेर कसा? दार तर लावलंय."

"दारातनं नाही हो. खालनं."

डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली, गोदामाच्या लांबलचक भिंतीच्या सावलीत. खाली उतरले, डावीकडं आले, दार उघडून वाकून बघितलं. म्हातारा उंच माणूस, हाताची बोटं लांब नि कायमची स्वच्छ धुतल्यासारखी. मावशीनं पाय वर ओढला तर पत्र्याचे फाटलेले दात, जे जाताना खाली वाकले होते, ते आता पाय वर येताना नडगीला चावायला लागले. उंदराच्या पिंजऱ्याची तीच तऱ्हा. आत जायला मोकळं, बाहेर यायला काटे.

"ओढू नका, ओढू नका," डॉक्टर म्हणाले. "वासरू अडलं की ओढायचं नसतं. आधी वाट मोठी करायची."

"मी वासरू?"

"तसं नाही हो बाई. सवयीनं बोललो."

"अहो, असू दे. वासरांना तरी तुम्ही बाहेर काढलंत. मला काढा म्हणजे झालं."

डॉक्टर रस्त्यावर चक्क उताणे झोपले, गाडीखाली डोकं घालून बघून आले. सदऱ्याची पाठ धुळीनं भरली. म्हणाले, पत्रा कापायची कात्री लागेल, पुढच्या वळणावर वेल्डिंगवाला आहे, चालत जातो नि आणतो, तुम्ही हलू नका. हलू नका म्हणे! मावशी हसली. मग डॉक्टर जाताना मॅटकडं बघून थांबले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले, "बर्फाची पेटी." म्हणजे काय ते मावशीला कळलं नाही. ते लगबगीनं, गुडघ्यात जरा वाकत निघून गेले आणि मावशी जीपमध्ये एकटी राहिली. एक पाय घरात, एक पाय रस्त्यावर.

भाव ठरला होता. मिस्त्रीला दाखवून झाली होती. मिस्त्रीनं इंजिनावर कान ठेवून, धूर हुंगून, चाकं हलवून सांगितलं होतं, "मावशी, इंजिन म्हणजे तरणा बैल. अंगावरची कापडं फाटलीत, तेवढं समजून घ्या." मीटर बघून मात्र त्यानंही डोकं खाजवलं होतं. मीटर एकदा पुरता फिरून शून्यावर आला होता आणि शून्यावरनं परत बराच पुढं गेला होता. एवढ्या रस्त्यात माणूस पृथ्वीला किती वेढे घालेल कुणास ठाऊक, आणि ह्या बापडीनं घातले ते सगळे एकाच डोंगराला. मावशीला ते आवडलं होतं. एकाच जागी एवढं चालणं तिला कळत होतं. तिची सगळी चाल पण अशीच, शाळेपासून चौक, चौकापासून मैदान, मैदानाला वळसा, परत शाळा. तिची शाळा म्हणजे नणंदेनं काढलेली गाडी शिकवायची शाळा. एक खोली, एक फळा, फळ्यावर कायमचा काढून ठेवलेला चौक. बायका शिकायला येतात नि पुरुष शेजारी बसला की लाजतात, म्हणून नणंदेनं हिला डावीकडं बसवली. तेव्हा ही नवीन सून. लायसन मिळून चार दिवस झालेले. "वन्सं, मलाच अजून नीट येत नाही," ही म्हणाली. नणंद म्हणाली, "तुला कुठं चालवायचंय? तू नुसती बस. पाय जागा ठेव." तेव्हापासून पाय जागाच होता. बाकीची मावशी कधी झोपायची, कधी रडायची, कधी घरच्या हिशेबात बुडायची, पण पाय जागा.

आता तोच पाय बेकार लोंबत होता. मावशीनं बोटं हलवून बघितली. बुटात बोटं हलली, पण लांब कुठंतरी, दुसऱ्याच्या पायाची हलावीत तशी. वाकून बघितलं की फाटलेल्या भोकातनं रस्त्याचा एक तुकडा दिसायचा, जेवणाच्या ताटाएवढा. डांबरात रुतलेली खडी. एक बाटलीचं टोपण, चाकांनी चपटं केलेलं. एक मुंगी टोपणावर चढली, उतरली, परत चढली. मावशीला वाटलं, आपण एवढी वर्षं रस्त्यावर काढली आणि रस्ता बघितलाच नाही. 'पुढं बघा,' हे तिचं वाक्य. खाली बघू नका, गिअरकडं बघू नका, माझ्याकडं बघू नका, पुढं बघा. शिकणारे पुढं बघायचे आणि ती त्यांच्याकडं बघायची. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या ते तिला दिसायचं, मानेवर घाम यायचा ते दिसायचं. एक न्हावी होता, ज्याच्या हातात वस्तरा कधी थरथरला नाही, पण स्टिअरिंग धरलं की हात असे कापायचे की आरसा हलायचा. एक कारकून वळण घेताना झाडांची माफी मागायचा, "सॉरी, सॉरी." एक गाण्याच्या बाई होत्या, त्यांना गिअरचे आकडे ध्यानात राहायचे नाहीत, मग त्या इंजिनाचा सूर ऐकून गिअर बदलायच्या आणि बरोबर बदलायच्या. एक थोराड बाई दर वळणाला डोळे मिटून घ्यायच्या. मावशी विचारायची, "आता डोळे का मिटले?" तर म्हणायच्या, "तुम्ही आहात ना." पुढं सगळे शिकले. सगळे कुठं कुठं गेले. कुणी समुद्राकाठी, कुणी दुसऱ्या गावाला, कुणी रोज पोरांना शाळेत सोडायला. मावशी परत खोलीत आली, पुढच्याला घेऊन बसली. नावाडी पैलतीराला कधी राहत नाही, तसं.

राहायचं कुणाला होतं? पण तिची पोरगी राहिली. पोरगी डोंगरावर राहिली. वर पठारावर वारा मोजायचे उंच खांब उभे केलेत, तिथं ती नोकरीला आहे. खांबावरच्या यंत्रांचं बघायचं, आकडे उतरवायचे. एसटी पायथ्यापर्यंत जाते. पुढं रस्ता कसला, नुसते दगड, मधे ओढा, ओढ्याला पूल नाही. पोरगी ऑफिसच्या गाडीनं महिन्याकाठी खाली येते, आईच्या हातचं जेवते, बापानं शिवून ठेवलेले कपडे घेते, दोन दिवस झोपते आणि जाते. मावशी म्हणायची, एकदा येते वर. पोरगी म्हणायची, "आई, नको येऊ गं, रस्ता वाईट आहे." मावशीही जोर करायची नाही. मग गेल्या खेपेला पोरगी जेवताना सहज बोलून गेली, "वारा सुटला ना, की भिंतीतनं कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं. मग मी पलंग भिंतीपासून लांब ओढते." एवढंच. ती हात धुवायला उठली. मावशी ताटावर तशीच बसली. कुठला पलंग? कुठली भिंत? खिडकी कुठल्या अंगाला? तिनं डोळ्यासमोर खोली आणायचा प्रयत्न केला आणि काही आलं नाही. नुसतं पांढरं. पोटची पोर रोज झोपते ती जागा आपल्याला माहीत नाही, हे तिला त्या क्षणी असं लागलं की तिनं ताट बाजूला सारलं. त्याच आठवड्यात शाळेची गाडी विकली. गुडघा आणि वय दोन्ही बोलायला लागले होते, नणंद तर कधीच गेली होती. आणि दुसऱ्या दिवशी मावशी जुन्या जीप बघायला लागली.

फोन वाजला. नवरा. नवरा शिंपी, घराच्या पुढच्या खोलीत मशिनीवर बसलेला. बोलतानासुद्धा मागं मशिनीची टकटक.

"काय गं, झाली का चक्कर? का सवतीला घरी घेऊनच येतेस?"

जीपचं बोलणं निघाल्यापासून तो तिला सवत म्हणत होता. जगात बायकोमुळं नवऱ्याला सवत येते हे मी पहिल्यांदा बघतोय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

"तुमच्या सवतीनं माझा पाय धरलाय," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. मशिनीची टकटक थांबली. मग फोनमध्ये नुसता श्वास. मावशीला वाटलं माणूस घाबरला. पण माणूस हसत होता, आवाज दाबून, खांदे हलवत. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याचं हसू फोनवर पण दिसतं.

"लागलंय का?"

"खरचटलंय."

"मग चांगलं झालं. ट्रायल घेताना उसवलं ते बरं. घालून गेल्यावर उसवलं तर पंचाईत." मग जरा थांबून, निराळ्या आवाजात म्हणाला, "घ्यायची का नाही मग?"

"तुम्ही सांगा."

"मी कशाला सांगू? मला गाडीतलं काय कळतंय? मी जुनं कापड आलं की एक बघतो. काठाला सुई घालायची नि दोरा ओढायचा. टाका धरला तर कापड चांगलं. भोक असेना का केवढं. पण माझं काम कापडाचं. तू आपलं आपलं बघ."

फोन ठेवला. मावशीला त्याचा राग आला आणि बरंही वाटलं. तो कधीच 'नको' म्हणाला नाही. तिला ते ह्या क्षणी, पाय लोंबत असताना ध्यानात आलं. लग्नानंतर बायको गाडी शिकवायला जाते म्हटल्यावर लोक त्याला काय काय बोलले. तो मान खाली घालून शिवत राहिला आणि तिच्यासाठी एक पँट शिवून ठेवली, गुडघ्यात सैल, ब्रेक मारायला सोपी. सगळं न बोलता. अशा माणसाचे कुणी आभार मानत नाही. आभार मानायला गेलं तर तोच विचारतो, का, ताप आलाय का?

पण घ्यायची का नाही, हे खरं म्हणजे जीपचं नव्हतंच. मावशीला ते कळत होतं, आणि म्हणूनच जरा भीती वाटत होती. गाडीत डोंगर उरलाय का, हे मिस्त्री सांगू शकतो. मावशीत उरलाय का, हे कोण सांगणार? तिनं हजारो जणांना शिकवलं असेल, पण शेजारी कुणी नसताना तिनं गाडी चालवलीच नव्हती. हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. गॅरेजपर्यंत नेली तर शेजारी मिस्त्री. घरी आणली तर शेजारी नवरा, पिशवी मांडीवर घेऊन. तिचं अंग डावीकडच्या सीटचं झालं होतं. उजवीकडं बसली की तिला आरसे उलटे वाटायचे. आजसुद्धा डॉक्टर म्हणाले होते, "बाई, तुम्हीच चालवा ना, तुम्हीच घेणार." तर ही म्हणाली, "आधी तुम्ही चालवा, मला आवाज ऐकू द्या." आवाज कसला ऐकायचा? दार उघडून पाय आपसूक डावीकडं चढला. आणि बसल्या बसल्या पायानं दुसऱ्याच्या गाडीला ब्रेक मारला. नसलेला ब्रेक. तिला वाटलं, आपण ड्रायव्हर नाहीच. आपण ब्रेक आहोत. आणि ब्रेक डोंगर चढत नाही. मुंगी अजून टोपणाभोवती फिरत होती. पायाला मुंग्या आल्या होत्या त्या निराळ्या. भिंतीची सावली सरकून बॉनेटवर ऊन आलं, गरम पत्र्याचा आणि जुन्या औषधांचा, गवताचा, जनावरांचा असा एक मिळून वास आला. तो वास तिला सोबतीसारखा वाटला.

तेवढ्यात समोरनं पावाची गाडी आली, पुढं गेली, आणि मागं मागं येत जीपच्या बरोबर शेजारी थांबली. मागं घेणं इतकं सरळ की मावशीच्या तोंडून 'शाब्बास' निघालंच.

"मावशी! इथं काय करताय?"

तिनं ओळखला. पोरगेला होता तेव्हा शिकायला यायचा, हडकुळा, आता पोट सुटलेलं, मिशा. बेकरीची गाडी चालवतो.

"बसलेय."

"कुणाची वाट बघताय?"

"कात्रीची."

तो उतरला, बघितलं, खाली वाकून बूट बघितला, आणि रस्त्यावर बसूनच हसायला लागला. मावशी म्हणाली, "हस मेल्या, हस. तुला रिव्हर्स शिकवायला माझी चप्पल झिजली." तो डोळे पुसत उठला. पाणी दिलं. कात्री आणायला जातो म्हणाला, तर मावशीनं सांगितलं डॉक्टर गेलेत, येतीलच. मग तो दाराला टेकून उभा राहिला, आणि हसू ओसरल्यावर म्हणाला,

"मावशी, पण हा पाय कधी कधी झोपायचा हां."

"गप रे. सगळी झोपेल, माझा पाय नाही झोपणार."

"तुम्हाला आठवत नसेल. आम्ही शिकत होतो त्या वर्षी काका दवाखान्यात होते ना?"

होते. नवऱ्याच्या छातीत पाणी झालं होतं. पोरगी तान्ही. मावशी रात्र दवाखान्यात काढायची नि सकाळी पहिल्या शिकणाऱ्याला घेऊन बसायची. कसे दिवस काढले, तिला नीट आठवायचंच नाही. नुसता खिडकीबाहेर पांढरा उजेड, आणि कुणीतरी गाडी चालवतंय.

"तुम्ही चौक ओलांडला की झोपायचात," पाववाला म्हणाला. "डोकं काचेला. पहिल्या दिवशी मी घाबरलो. थांबवावी म्हटलं, तर थांबवल्यावर जाग येईल. मग चालवतच राहिलो. मैदानाला फेऱ्या, फेऱ्या. ब्रेक असा दाबायचा की तुमचं डोकं हलू नये. खरं सांगू? ब्रेक मी त्यानंच शिकलो. आणि मी एकटा नाही. त्या गाण्याच्या बाई होत्या ना, त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. मावशी झोपल्या की मागच्या रस्त्यानं न्यायचं, तिथं गतिरोधक नाहीत. खोली जवळ आली की एकदा हलका हॉर्न. तुम्ही उठायचात नि म्हणायचात, 'हां, छान, उद्या वळणं करू.'"

पाववाला म्हणाला, "आम्हाला वाटायचं तुम्हाला माहितीय." ती म्हणाली, "जा तू. पाव गार होतील." तो गेला, जाताना हात केला. ती बघत राहिली. मागच्या रस्त्याला झाडं होती, हे तिला आठवलं. डोळे मिटलेले असताना पापणीवरनं सावली नि उजेड, सावली नि उजेड असं काहीतरी जायचं. ती म्हणायची मला त्या वर्षी स्वप्न पडायचं, कुणीतरी मला पाळण्यात घालून हलवतंय. ते स्वप्न नव्हतं. तो थरथरत्या हातांचा न्हावी होता. तो माफी मागणारा कारकून होता, झाडांची माफीसुद्धा तो तेव्हा मनातल्या मनात मागत असेल. ज्यांना रस्ता येत नव्हता, ज्यांच्या मानेवर घाम यायचा, त्यांनी मान न हलवता तिला झोपू दिलं. एवढी वर्षं तिनं मनाशी एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. एवढ्या लोकांना मी सांभाळलं. कुणाला खरचटू दिलं नाही. आता ते गाठोडं सोडून बघितलं तर आत सगळं उलटंच निघालं. रोज सकाळी एक घाबरलेला माणूस तिला घेऊन निघायचा, आणि रोज तो तिला जिथल्या तिथं परत आणून सोडायचा. पाय कधी जागा होता, कधी नव्हता. गाडी तरीही परत आली. तिला रडू नाही आलं. तिला भूक लागली आणि हसू आलं, आणि छातीत असं काहीतरी मोकळं झालं की तिनं त्या मोडक्या डॅशबोर्डवर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. आभार कुणाचे आणि कसे मानायचे आता? ते तर सगळे आपापल्या रस्त्याला लागलेले. तिला कळलं एवढंच की ज्याला येत नाही, त्यालाही नेता येतं. जपून न्यायचं म्हटलं तर नेता येतं.

डॉक्टर आले. एका हातात मोठी कात्री, कपाळावर घाम. परत रस्त्यावर उताणे झाले आणि गाडीखालून बोलायला लागले. तोंड दिसेना, भोकातनं आवाज तेवढा वर यायचा. एकेक दात कापायचे, तो बाहेर वाकवायचे, मग पुढचा. बोटं पायाला कुठं लागत होती ते मावशीला कळतसुद्धा नव्हतं.

"बाई, मला माफ करा. तिथं माझी बर्फाची पेटी असायची. लशींची. डाव्या बाजूला, पायाजवळ, दोरीनं बांधलेली. डोंगरावरच्या गोठ्यात पोचेपर्यंत लस गार राहायला पाहिजे ना. बर्फ वितळायचा, पाणी झिरपायचं. वर्षानुवर्षं. तिथं कधी माणूस बसलाच नाही, मग पत्रा कुठला बघतोय मी?" कात्रीचा कचकन आवाज. "सौदा रद्द समजा. असली गाडी मी तुम्हाला देणार नाही. भंगारात घालतो."

"रस्त्यात कधी सोडलं का हिनं तुम्हाला?"

"सोडलं की. खूपदा." परत कचकन. "ओढ्यात सोडलं, घाटात सोडलं, एकदा तर ऐन दारात गाय आडवी पडलेली आणि ही फाटकातच मेली. पण बाई, प्रत्येक वेळी चालू झाली. चिडली नाही कधी. गार झाली, पाणी पाजलं, परत चालू."

"किती गाईगुरं जगली असतील हो, त्या पेटीवर?"

"मोजलं नाही," डॉक्टर म्हणाले. "मोजायचं असतं का ते?"

पाय वर आला. नडगीवर रेघा, थोडं रक्त. डॉक्टरांनी पुढच्या खणातनं बाटली काढली, जांभळं औषध, कापसानं पुसलं. मग एकदम थांबले. "हे गुरांचं आहे. चालेल ना?"

"लावा. शेपूट फुटलं नाही म्हणजे मिळवली."

मावशी खाली उतरली. पाय जमिनीवर टेकला तेव्हा जमीन टणक, ओळखीची नसल्यासारखी वाटली. तिनं वाकून भोकाच्या कडेला बघितलं. अंगठा नि बोटात धरून चांगल्या पत्र्याची कड जोर लावून वाकवायला बघितली. वाकली नाही. चार बोटं लांब धरून परत बघितलं. तिथंही वाकली नाही. गंज होता तो पेटीच्या पाण्याएवढाच, पेटीएवढ्या चौकोनात. बाकी पत्रा मजबूत होता. वेल्डिंग धरेल.

"डॉक्टर, गाडी माझी."

"बाई, ऐका माझं—"

"ठरल्या भावात. भोकाचे पैसे कापू नका, ते मी पाडलंय. किल्ली द्या."

डॉक्टरांनी किल्ली दिली. मग सवयीनं डावीकडं वळले, दार उघडलं, खालचा रस्ता बघितला आणि तसेच उभे राहिले. मावशी हसली. म्हणाली, तिथं नाही, मागं बसा, जिथं तुमच्या बकऱ्या बसायच्या. डॉक्टर मागच्या फळीवर चढून बसले, दोन्ही हातांनी वरचा बांबू धरून. मावशी उजवीकडनं चढली. सीट पुढं ओढली. आरसा वळवला. आरशात डॉक्टरांचा कान दिसला, पाळी लाल झालेली, आणि तिला ते बघून फार बरं वाटलं. शेजारी कुणी नाही. शेजारी नुसती सीट आणि सीटच्या खाली उजेड. तिनं किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, मग धरलं. क्लच जड होता, पाय सगळा लावावा लागला. गाडी एक गचका देऊन निघाली, अगदी पहिल्या दिवशीच्या शिकणाऱ्याची निघते तशी, आणि मावशी मोठ्यानं म्हणाली, "सॉरी, सॉरी." कुणाला ते तिलाही कळलं नाही.

गोदामाची भिंत संपली. वेल्डिंगवाल्याचं वळण आलं, मावशीनं गिअर बदलला, आवाजावरनं, मीटर न बघता, आणि बरोबर पडला. पुढं चौक, चौकात डॉक्टरांच्या घराचा रस्ता. चौक ओलांडला. रस्ता रुंद झाला, लांब, अगदी लांब, धुरकट निळा डोंगर दिसायला लागला. खालनं वारं येत होतं, गाडीभर.

"बाई," डॉक्टर मागनं ओरडले, "माझं घर मागं राहिलं!"

"माहितीय!"

तिनं आणखी वरचा गिअर टाकला.

"घरी गॅसवर काही ठेवलंय का?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"मग वरपर्यंत चला. माझ्या पोरीची खोली बघायचीय. ओढा कुठनं ओलांडायचा ते तुम्हाला माहीत असेलच."

"उजव्या अंगानं," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या दगडाच्या वरनं. पहिला गिअर ठेवायचा आणि मधे थांबायचं नाही."

"नाही थांबत," मावशी म्हणाली.